सिस्टर, दारापासून पलंगापर्यंत नऊ पावलं

सिस्टर, नमस्कार. आत्या जाऊन आज एकवीस दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि दोन ओळींवर हात थांबतो, म्हणून आज जसं येईल तसं लिहितेय.

काचबिंदूने तिला पूर्ण दिसेनासं झालं होतं, मूलबाळ नाही, आमची एक खोली आणि मी दिवसभर कामावर. तुमच्या वृद्धाश्रमात यायच्या आधी आम्ही दोन ठिकाणी गेलो होतो. एकांनी डिपॉझिटचा आकडा सांगितला. दुसऱ्यांनी तिच्यासमोरच, जणू तिला ऐकूही येत नाही, 'आंधळी बाई, हिचं करणार कोण' म्हणत फाइल परत दिली. रिक्षात आत्या एक शब्द बोलली नाही, नुसती पदराचं टोक पिळत होती. ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुम्ही फॉर्म बाजूला ठेवलात, तिचा हात धरलात आणि स्वतःचे डोळे मिटून घेतलेत! तसंच तिच्याबरोबर, तिच्याच बारक्या पावलांनी, मोठ्यांदा मोजत दारापासून पलंगापर्यंत गेलात. नऊ. परत दारापर्यंत, परत नऊ. वाटेत टेबलाचा कोपरा तुमच्या गुडघ्याला लागला तर आधी टेबल सरकवलंत, मग गुडघा चोळलात. आत्या हसली, सिस्टर. कित्येक महिन्यांनी हसली. शेवटपर्यंत ती कुणी भेटायला आलं की सांगायची, 'माझी नऊ पावलं आहेत'.

तुमच्या हॉलमधल्या तसबिरीतल्या बाई कोण, हे मी त्याच दिवशी विचारलं होतं. जान ज्युगाँ, लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर ही गरीब म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर्सची संस्था सुरू करणारी. फ्रान्समधल्या कांकाल गावची, जन्म १७९२ चा, वडील समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत, ही पोर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबली. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या, अर्धांग झालेल्या म्हातारीला घरी आणलं, आपला पलंग तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. आंधळी म्हातारी! ऐकताना अंगावर काटा आला माझ्या. पुढे म्हाताऱ्यांसाठी टोपली घेऊन दारोदार मागायची, एकाने थोबाडीत मारली तर म्हणे म्हणाली, ही माझ्यासाठी झाली, आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या.

आणि अशा बाईला १८४३ मध्ये एका पाद्रीबाबाने प्रमुखपदावरून बाजूला केलं, संस्था मीच काढली असं तो सांगत राहिला. शेवटची २७ वर्षं ती आश्रमात मागे पडून राहिली, सोबतच्या नव्या मुलींना माहीतही नव्हतं की ही कोण. १८७९ मध्ये गेली तेव्हा सिस्टर्स होत्या सुमारे २,४००. संतपद मिळालं २००९ ला. मला याचा अजून राग येतो. तुम्हाला येत नाही, तुम्ही सांगताना शांत होतात.

माणुसकी आहे अजून, एवढं मला तुमच्याकडे बघून कळलं. आत्या रोज पहाटे हरिपाठ म्हणायची, कुणी तिला गप्प केलं नाही, उलट एक दिवस आवाज आला नाही तर तुम्ही विचारायला गेलात, आजी बरं नाही का.

रविवारी येतेय. तिच्या दोन सुती साड्या धुऊन इस्त्री करून ठेवल्यात, कुणा आजींना होतील, आणि पाच किलो कोलम तांदूळ घेऊन येते. नाही म्हणू नका.