अण्णांनी न केलेली सही

सिंगापूर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिन्या,

अण्णांच्या पेटीत सापडलेल्या त्या कागदाचा, एनडीएसाठी वडील म्हणून त्यांनी सही करायच्या संमतीपत्राचा, फोटो तू पाठवलास, त्याला चौदा महिने झाले. मी तो पाहिला होता. निळ्या खुणा तुलाही दिसल्या असतील. त्यानंतर आपण फोनवर दोनदा बोललो. बागेचं बोललो, नानांच्या कोर्टाचं बोललो, फोटोचं दोघांनीही काढलं नाही. काल ईशानला हेंडन कॅम्पपाशी सोडून परत येताना बसमध्ये मला सारखा तोच कागद दिसत होता. म्हणून आज लिहायला बसलो.

तब्येत: बीपीची गोळी चालू, साखर काठावर, वैशाली ठीक. झालं.

ईशान कमांडोंमध्ये गेला. म्हणजे अजून झाला नाही, निवडला गेलाय. इथे अठरा झाले की प्रत्येक मुलाला दोन वर्षं सैन्यात, नाहीतर पोलिसांत किंवा नागरी संरक्षण दलात काढावी लागतात, हे तुला वेगळं सांगायला नको. आम्ही इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा तूच फोनवर म्हणाला होतास, ‘पासपोर्ट दिलास, आता पोरगाही देऊन टाक.’ मी तीन महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. मग तू शिंदे सरांच्या मुलीबरोबर बेदाणे पाठवलेस आणि त्यात चिठ्ठी, ‘हे पोराला दे, तुला नाही.’ पोरगा अजून त्या चिठ्ठीवर हसतो.

बहुतेक मुलं टेकाँग बेटावर प्रशिक्षणाला जातात. मी तेच धरून चाललो होतो. पण वैद्यकीय तपासणीत अगदी धडधाकट ठरलेल्या काही जणांना कमांडोंच्या चाचणीला बोलावतात. हा गुपचूप गेला, पुलअप्स मारून आला, मुलाखतीत ‘मला यायचंय’ म्हणाला. आम्हाला कळलं ते पत्र आल्यावर. मी ते उलटसुलट करून पाहिलं. पालकाच्या सहीची जागाच नव्हती, दिन्या.

गेले दोन महिने रात्री मी या एकाच विषयावर मिळेल ते वाचतोय. आपल्या बृहन्मुंबईहून थोडा मोठा एवढासा हा देश. १९६५ च्या ऑगस्टमध्ये मलेशियातून बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे पायदळाच्या फक्त दोन पलटणी होत्या. इथले पंतप्रधान ली क्वान यू यांनी शास्त्रीजींना पत्र लिहून पाच पलटणी उभारायला सल्लागार मागितला. आपल्याकडे पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं. शास्त्रीजींनी शुभेच्छा कळवल्या, मदतीचं काही नव्हतं. इजिप्तच्या नासेर यांच्याकडूनही तेच. शेवटी इस्रायली आले. आजूबाजूच्या मुस्लिम देशांना कळू नये म्हणून त्यांना ‘मेक्सिकन’ म्हणायचे! संरक्षणाचं सगळं गोह केंग स्वी यांनी अंगावर घेतलं होतं, १९६७ ला सक्तीची सेवा सुरू झाली, आणि ब्रिटिश निघायच्या तयारीत असताना १ डिसेंबर १९६९ ला क्लॅरन्स टान नावाच्या मेजरने मूठभर स्वयंसेवक निवडून कमांडोंची सुरुवात केली. आपल्या कॉलेजच्या एनसीसीत याहून जास्त पोरं होती.

खरी गंमत पुढे आहे. बऱ्याच देशांत कमांडो म्हणजे आधी सैन्यात मुरलेला माणूस. इथे १९७३ पासून सक्तीच्या सेवेतली पोरंच कमांडो होतात. कालपर्यंत आईला ‘टॉवेल कुठंय’ विचारणारा पोरगा विमानातून उडी मारायला शिकतो. देशच एवढा लहान की निवडायला दुसरं कोण आणणार? पुढे मात्र त्यांनी एक आतली तुकडी केली, पूर्णवेळ सैनिकांची, १९८४ साली. ती आहे हेसुद्धा १९९७ पर्यंत जाहीर नव्हतं.

पण जाहीर नसताना तिने काय केलं बघ. मार्च १९९१. आपले बारावीच्या पेपरांचे दिवस. २६ तारखेच्या रात्री क्वालालंपूरहून निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान चार पाकिस्तान्यांनी पळवलं. मागणी काय, तर बेनझीर भुट्टोंचे पती झरदारी आणि इतर काही जणांना तुरुंगातून सोडा. विमान चांगीला उतरलं, रात्रभर बोलणी चालली, दोन कर्मचाऱ्यांना मारहाण करून विमानातून खाली ढकललं. पहाटे ते म्हणाले, आता दर दहा मिनिटांनी एक प्रवासी मारू. सकाळी ६.५० ला ही पोरं आत घुसली. तीस सेकंद, दिन्या. चौघेही ठार, प्रवासी सगळे सुखरूप. मी हे वाचलं आणि घड्याळ लावून तीस सेकंद नुसता बसून राहिलो. फार वेळ लागतो तीस सेकंदांना.

अभिमान वाटला, खोटं बोलत नाही. आणि त्याच रात्री २००३ सालचं वाचलं. टेकाँगवरच, शत्रूने पकडलं तर कसं टिकायचं याचं प्रशिक्षण चालू असताना कमांडोंमधला एकोणीस वर्षांचा सार्जंट गेला. पाण्यात डोकं बुडवत होते. खटला झाला, अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. पुढे २०१९ मध्ये, आणखी काही मुलं गेल्यावर, सैन्याने सरावाचा वेग कमी केला, सुरक्षेवर लक्ष ठेवायला वेगळं कार्यालय काढलं. हे सगळं मी वैशालीला सांगितलेलं नाही. तिने स्वतःच वाचलं असणार, कारण ती मला काही विचारत नाही.

प्राथमिक प्रशिक्षण संपताना बहात्तर किलोमीटर चालायचं असतं, पाठीवर ओझं, हातात बंदूक. ते संपलं की कमांडोंची लाल टोपी. हे बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नासच्या आसपास, म्हणजे सरळ चाललं तर समुद्रात जाईल पोरगं. आपण वणीच्या गडाला चालत गेलो होतो त्याहून जास्त. तेव्हा तू दिंडोरीच्या पुढे माझी पिशवी घेतलीस आणि वर पोचेपर्यंत कुणाला सांगितलं नाहीस. बंड्याला अजून माहीत नाही. ईशानची पिशवी कोण घेईल, हा विचार काल रात्री तीन वाजता आला आणि मग झोप नाही.

आणि हे ऐक. इथल्या तोफखान्याला मोठ्या तोफा डागायला जागाच नाही, म्हणून ते कुठे जातात? आपल्या देवळालीला! शिंगवे बहुल्याच्या बाजूला ज्या तोफा ऐकत आपण अभ्यास करायचो, मावशींच्या फळीवरची भांडी वाजायची, तिथे सिंगापूरची पोरं येऊन आपल्या सैन्याबरोबर सराव करतात. कमांडो नाही येत तिथे, पण ऐकून मला कसंतरीच झालं. तुझ्या बागेपर्यंत आवाज येत असेल ना अजून?

आता ते सांगतो, ज्यासाठी लिहायला बसलो.

भोपाळला एनडीएच्या निवड चाचणीत पाचव्या दिवशी नंबर पुकारले. तुझा होता, माझा नव्हता. परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस, मला वाईट वाटू नये म्हणून. त्यानंतर आठवडाभराने अण्णा आमच्याकडे आले होते. बाबांकडे नाही, माझ्याकडे. ओसरीवर बसले, तो कागद घडी करून खिशात होता. म्हणाले, ‘तू पाहिलंस तिथलं सगळं. दिन्या टिकेल का रे?’

मी म्हणालो, ‘नाही टिकणार.’

एवढंच. अण्णांनी मान हलवली, चहा घेतला आणि गेले. सही केलीच नाही. तू त्यांच्याशी दोन वर्षं धड बोलला नाहीस. तेव्हा तुझ्या बाजूने सगळ्यात जास्त तावातावाने अण्णांना नावं ठेवणारा मी होतो. तू टिकला असतास. गडावर माझी पिशवी घेणारा माणूस खडकवासल्याला टिकला नसता होय? मला ते तेव्हाही माहीत होतं. माझा नंबर लागला नव्हता म्हणून मी तसं म्हणालो. आणि अण्णांनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. शेवटपर्यंत सगळा दोष स्वतःकडे घेतला. मी त्यांच्या दिवसांना आलो नाही. रजा नव्हती म्हणालो होतो. रजा होती.

ईशानच्या पत्रावर सहीची जागा असती तर मी काय केलं असतं, हे मला अजून ठरवता येत नाही. कुणीतरी येऊन ‘नाही टिकणार’ म्हणावं, याची मी दोन महिने वाट पाहिली. काल फाटकापाशी तो वळून म्हणाला, ‘बाबा, दिनूकाकाला सांग, बेदाणे संपले.’ आणि आत गेला. मागे वळून पाहिलं नाही त्याने.

मृण्मयीच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींचा गुडघा? अवकाळीत बागेचं किती गेलं ते नीट कळव, फोनवर तू ‘चालायचंच’ म्हणतोस त्यावरून काही समजत नाही. बंड्याचे पैसे मी दिलेत, तू देऊ नकोस.

तो कागद फाडला नसशील तर ठेव. सुट्टीत येईन तेव्हा मला हातात घेऊन बघायचाय. आणि या पत्राला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, चौदा महिने थांबायचा माझा नंबर आहे. फक्त लाल टोपीची तारीख कळली की मी तुला फोन करीन, तेवढा उचल.

तुझा,
सुध्या