तपकिरी रंगावरून फैलाव ठरत नाही

महोदय,

मोठ्या आतड्याचा कर्करोग एन्झाइममुळे पसरतो, ही आपल्या आरोग्य पानावरची बातमी वाचली. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा गाठींच्या स्लाइड्स रोज तपासते. बातमी आल्यापासून नातेवाईक पाचक गोळ्या बंद करायच्या का, असे विचारू लागलेत. त्यांची घालमेल बघवत नाही, म्हणून लिहिते आहे.

पचनाच्या एन्झाइमचा इथे काही संबंध नाही. बातमीतली एन्झाइम म्हणजे पेशींभोवतीचे प्रथिनांचे जाळे तोडणारी एमएमपी-२ आणि एमएमपी-९. ती निरोगी शरीरातही असतात, जखम भरताना तर लागतातच. आतड्याच्या अस्तराखालच्या पातळ पापुद्र्यात टाइप-४ कोलॅजन नावाचे प्रथिन असते. ते ही एन्झाइम तोडतात आणि गाठीतल्या पेशींना खाली उतरायला वाट मिळते. पुढे त्या रक्तवाहिन्यांत शिरल्या की बहुधा आधी यकृत गाठतात, कारण आतड्यातले रक्त तिकडेच जाते.

इथवर बातमी बरोबर आहे. पण स्लाइडवर प्रत्यक्ष काय दिसते? एन्झाइमला चिकटणारी अँटीबॉडी लावून रंगवले की एन्झाइम असलेली जागा तपकिरी होते, पेशींची केंद्रके निळी राहतात. पुष्कळदा गाठीचा मधला भाग फिका असतो आणि जिथे पेशी स्नायूत घुसत असतात ती कडा गडद. त्यातही एमएमपी-९ चा रंग अनेकदा कर्करोगाच्या पेशींत नसून शेजारी जमलेल्या पांढऱ्या रक्तपेशींत असतो! शिवाय ही एन्झाइम आधी निष्क्रिय रूपात तयार होतात, आणि बऱ्याच अँटीबॉडी निष्क्रिय आणि सक्रिय अशी दोन्ही रूपे सारखीच रंगवतात. एवढ्यावरून एखाद्याचा आजार पसरणारच, असे मी अहवालात लिहू शकत नाही. कोणी लिहूही नये.

या एन्झाइमना रोखणारे मॅरिमास्टॅट हे औषध १९९० च्या दशकात मोठ्या आशेने तपासले गेले. रुग्णांना सांधेदुखी झाली, आयुष्य वाढवण्याची आशा मात्र फोल ठरली. बातमीत याचा उल्लेख हवा होता.

शस्त्रक्रियेनंतर नातेवाईकांनी डॉक्टरांना विचारायचे ते वेगळेच आहे. किमान १२ लसिकाग्रंथी तपासल्या का? कापलेल्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत का? एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने गाठीत पाहिली का? त्यांपैकी एखादे नसेल तर उपचार बदलू शकतात, आणि दोष आनुवंशिक असेल तर भावंडांचीही तपासणी करावी लागते. हे प्रश्न कृपया त्याच पानावर, ठळक चौकटीत छापावेत.

– एक पॅथॉलॉजिस्ट