मंत्रीसाहेब, माझ्या घोडीला डॉक्टर का मिळाला नाही?

मा. पशुसंवर्धनमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी माझी घोडी गेली. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घेतली होती, सहा वर्षं लेकीसारखी सांभाळली, वरातीत नाचली, शर्यतीत पळाली, तिच्याच कमाईवर पोराची फी भरली. रात्री पोटात शूळ उठला अन लोळायला लागली. घोड्याला उलटी होत नाही साहेब, पोट फुगलं की नाकातून नळी घालूनच मोकळं करावं लागतं. दवाखान्यात गेलो तर कुलूप, फोन लावला तर म्हणले घोड्याचं आमाला जमत नाही, सकाळी बघू. मी अन पोरगं रात्रभर तिला अंगणात फिरवत होतो, पहाटे चारला तिनं मान टाकली.

दोन वर्षांपूर्वी इकडच्याच एका यात्रेत तुम्ही स्टेजवरून शब्द दिला होता, घोड्याचा डॉक्टर अन फिरती गाडी देऊ म्हणून. मी टाळ्या वाजवल्या होत्या, खरं धरलं होतं.

रेसच्या घोड्याला सगळं मिळतं. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचं, शिंगरू जन्मलं की पुण्याच्या स्टड बुकात, म्हणजे वंशावळीच्या वहीत, नोंद, आईबापाची डीएनए तपासणी, पळायच्या दिवशी डॉक्टर हजर, जिंकला की डोप टेस्ट, जॉकीनं चाबूक जास्त मारला तर स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, दंड करतात. त्यांचं काढून घ्या म्हणत नाही, जनावराला असंच जपावं. पण मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरातली 91 एकर 30 वर्षांसाठी रेसच्या क्लबकडं ठेवायला 2024 ला कॅबिनेटला वेळ मिळाला, बैलांच्या शर्यतीसाठी कायदा बदलला, तो 2023 ला सुप्रीम कोर्टात टिकला, रेसवरचा जीएसटी 28 चा 40 टक्के झाला, अन आमच्या तालुक्यात घोड्याला घालायची एक नळी नाही?

ह्याच मराठवाड्यात निजामाच्या राज्यात अंबाजोगाईला, तेव्हाचं मोमिनाबाद, घोडदळाची छावणी होती, हिंगोलीलापण होती. 1984 ला दांडेकर समितीनं विकासाचा अनुशेष मोजला त्यात रस्ते, पाटबंधारे होते तसे जनावरांचे दवाखानेपण होते. चाळीस वर्षं झाली साहेब! पाणी असो, रेल्वे असो नाहीतर डॉक्टर, आमच्याकडं फाईलच येते, मुंबई-पुण्याच्या पुढं तुमच्या लोकांना दिसत नाही, अन मतं मागायला मात्र गल्लीबोळ पाठ असतात.

तालुक्याला घोड्याचं शिकलेला एक डॉक्टर द्या, रात्री फोन उचलणारा. गावाकडच्या घोड्यांचीपण नोंद करा.

खोगीर अजून दाराशी टांगलेलं आहे, पोरगं त्याच्याकडं बघत नाही. मार्गशीर्षात माळेगाव भरेल, डॉक्टर आल्याशिवाय मी दुसरी घोडी घेणार नाही.

आपला,
नांदेड जिल्ह्यातला एक घोडेवाला