सही त्यांची, नोटीस मला: केंद्रीय ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय ऊर्जामंत्री, भारत सरकार, यांस

सा. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातला छोटा सौर वीजउत्पादक. माझ्या प्लांटला अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रे (सौरसारखी वीज बनवल्याबद्दल मिळणारी, बाजारात विकता येणारी) जादा दिली गेली, त्याबद्दल दंड का करू नये, याचा खुलासा मागणारी नोटीस गेल्या आठवड्यात आली. झालं असं की सबस्टेशनवर सीटी, म्हणजे मीटरला जोडलेले प्रवाह मोजणारे ट्रान्सफॉर्मर, बदलले आणि कागदावर मीटरचा गुणक, म्हणजे रीडिंगला ज्याने गुणून युनिट काढतात तो आकडा, जुनाच राहिला; म्हणून युनिट जादा दिसले. रीडिंग वीज कंपनीच्या माणसाचं, अहवालावर सही त्यांच्या साहेबांची. फरक दिसल्यावर लेखी कळवलं ते मी. नोटीस मात्र मला एकट्याला! कळवल्यापासून माझी नवी प्रमाणपत्रेही अडकली आहेत. बँकेचा हप्ता काही अडकत नाही.

साहेब, हा प्लांट मी 2013 मध्ये उभारला तो तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवून. हजार युनिटला एक प्रमाणपत्र, सौरची किमान किंमत 9300 रुपये. 2015 मध्ये ती 3500 झाली, 2017 मध्ये 1000, आणि 2022 च्या नियमांत किमान किंमतच गेली. मधे जुलै 2020 पासून वर्षाहून जास्त काळ प्रमाणपत्रांचा बाजार बंद. बायकोचे दागिने गहाण पडले ते त्याच काळात. त्याचा खुलासा कुणाकडून मागायचा?

आता दंडाचं बघा. वीज कायदा 2003, कलम 142: एका उल्लंघनाला जास्तीत जास्त 1 लाख, पुढे चालू राहिलं तर दिवसाला 6000. तेव्हाच्या 9300 च्या भावात 11 खोटी प्रमाणपत्रे विकली की लाख वसूल. हजारोंनी खोटी काढणाऱ्याला या कायद्याची भीती का वाटावी? मूळ कायद्यातल्या कलम 146 मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पण ती आदेश मोडणाऱ्याला. अमेरिकेत मेरीलँडच्या एका माणसाने जैवइंधनाची बनावट प्रमाणपत्रे सुमारे 90 लाख डॉलरना विकली. 2013 मध्ये त्याला बारा वर्षांहून जास्त कैद झाली.

आणि सही करणारा? त्याच्यासाठी कलम 168 उभं आहे. सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल सरकारी नोकरावर कारवाई नाही. मीटर न बघता सही ठोकणं यात कुठला सद्हेतू आला? वीज कंपन्यांनी ठरावीक वाटा अक्षय ऊर्जेचा घेण्याचं बंधन पाळलं नाही, की तूट पुढच्या वर्षावर ढकलायला मुभा मिळत आली आहे. मला एका महिन्याची मुभा नाही. मोठ्याला मुदतवाढ, लहानाला नोटीस, हेच चाललंय सगळीकडे, सातबाऱ्यापासून सबस्टेशनपर्यंत.

दंड चुकीच्या प्रमाणपत्रांच्या किमतीच्या पटीत लावा. जाणूनबुजून केलं असेल तर तुरुंगात टाका, मी असेन तर मलाही. स्वतःहून चूक कळवणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवू नका. माझी अडवलेली प्रमाणपत्रे सोडा आणि त्या अहवालावर ज्यांची सही आहे त्यांनाही तीच नोटीस पाठवा, तितक्याच दिवसांची मुदत देऊन.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातील एक वीजउत्पादक