नखं, अत्तर आणि गोरेपणाचं क्रीम

कोल्हापूर

प्रिय सानिया,

अस्सलामु अलैकुम.

शाम्पू, परफ्यूम, बॉडी लोशन सगळं पिशवीत भरून तू कपाटावर टाकलंस, कारण मोबाइलवर कुणीतरी सांगितलं की यात अल्कोहोल आहे, सगळं हराम. फोनवर तुझा आवाज रडवेला होता, म्हणून तेव्हा फार बोलले नाही. रोज दुपारी मी आपल्या कटलरीच्या काउंटरवर बसते, डब्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचते आणि मसला, म्हणजे धर्माचा प्रश्न, अडला की मौलानांना विचारून घेते. तेच तुला लिहिते.

नटणं-मुरडणं गुन्हा नाही, बेटा. सूरह आराफच्या 32व्या आयतीत अल्लाहच विचारतो, की त्याने बंद्यांसाठी काढलेली शोभा हराम केली कुणी? एका सहाबींनी, म्हणजे पैगंबरांच्या एका सोबत्याने, रसूलुल्लाहना विचारलं होतं, माणसाला चांगले कपडे, चांगले जोडे आवडले तर तो गर्व का? त्यावर ते म्हणाले, अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं. सहीह मुस्लिम या ग्रंथात ही हदीस, म्हणजे रसूलुल्लाहचं वचन, आहे. म्हणजे वस्तू मुळात जायज, मनाई असेल तर तिला पुरावा लागतो. त्या मोबाइलवाल्याने सुरुवातच उलट्या टोकाकडून केली.

तुझ्या लोशनवर सिटाइल अल्कोहोल लिहिलंय ना? ते पांढरं, मेणासारखं घट्ट असतं आणि बहुतेक वेळा पाम किंवा खोबरेल तेलापासून करतात. नाव तेवढं अल्कोहोल, नशा त्यात नाहीच. परफ्यूममधलं इथेनॉल मात्र खरंच दारूतलं. तिथेही फरक आहे. इमाम अबू हनीफांच्या मते खम्र, म्हणजे कुराणात हराम केलेली दारू, ही द्राक्षाची, खजुराची तिच्या जोडीला. आपल्याकडचं इथेनॉल बरंचसं उसाच्या मळीपासून होतं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कसबा बावड्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, ती तू लहानपणापासून बघतेस. तो ऊस गाळल्यावर उरते ती मळी. असं इथेनॉल प्यायचं नाही, पण कपड्याला, अंगाला लागलं तर नापाक होत नाही, असं आजच्या बऱ्याच हनफी, म्हणजे अबू हनीफांना मानणाऱ्या, मुफ्तींचं म्हणणं आहे. तुझी रत्नागिरीची खाला शाफई, म्हणजे इमाम शाफईंना मानणाऱ्या, घरात दिलेली आहे, त्यांच्यात हा मसला कडक, म्हणून ती फक्त अत्तर लावते. तिचं तिच्या जागी बरोबर आहे. तिला नावं ठेवायची नाहीत आणि स्वतः घाबरायचंही नाही. मात्र वास आल्याबरोबर चार माणसं वळून बघतील एवढा परफ्यूम मारून बाईनं बाहेर पडायला हदीसमध्ये मनाई आहे. गर्दीच्या बसमध्ये घामाचा वास येऊ नये म्हणून लावलेलं डिओ वेगळं.

खरी काळजी नेलपॉलिशची घे. सूरह माइदाच्या 6व्या आयतीत चेहरा आणि कोपरापर्यंत हात धुवायचा हुकूम आहे. वुजूत, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुताना, टाच कोरडी राहिलेल्यांना रसूलुल्लाहनी आगीचा इशारा दिला होता, इतकं ते पाणी पोचणं महत्त्वाचं. फिक्हच्या, म्हणजे धर्मनियमांच्या, जुन्या किताबांत नखावर वाळलेल्या कणकेचा मसला आहे. तेव्हा नेलपॉलिश नव्हतं, कणीक होती. थर आहे, पाणी आत जात नाही, तर वुजू होत नाही. मेंदीचं तसं नाही, लगदा धुतला की नुसता रंग उरतो. वॉटरप्रूफ मस्काराही पापण्यांवर थर धरतो, तो काढून वुजू कर. वुजू करून मग नेलपॉलिश लावलंस, तर तो वुजू तुटेपर्यंत नमाज होते. पाळीत नमाज नसते, तेव्हा खुशाल लाव, पण गुस्लआधी, म्हणजे पाक होण्याच्या अंघोळीआधी, पूर्ण काढ. 'पाणी आत जाणारं' म्हणून नवीन नेलपॉलिश आलंय, गिऱ्हाईक मागतात. त्यावर आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, एकमत नाही. मी तरी माझी नमाज कंपनीच्या जाहिरातीवर सोडणार नाही.

ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड वनस्पतीचंही असतं, जनावराचंही. चरबीचा साबण होताना ती पार बदलते, म्हणून हनफी किताबांत असा साबण पाक मानलाय. ओठांना लावायचं तेवढं जपून घे, ते पोटात जातं. लिपस्टिकच्या लाल रंगात कार्माइन असेल तर ते किड्यापासून काढलेलं असतं, त्या रंगाचा नंबर 75470. ते नसलेली लिपस्टिक सहज मिळते.

आयब्रोचं तुला माहीत आहे. कोरून बारीक करणाऱ्या बाईवर लानत, म्हणजे शाप, असल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. हनुवटीवर, ओठावर दाट केस येतात ते काढायला बहुतेक आलिमांनी मुभा दिलीय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तू सगळं पिशवीत भरलंस, पण रूममेटने दिलेलं गोरं करणारं क्रीम टेबलावरच ठेवलंस, कारण त्यावर 'हलाल' छापलंय. हे मला सहन होत नाही. भारतात 2020च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत 1 भागापेक्षा जास्त चालत नाही. चोरट्या मार्गाने येणाऱ्या डब्यांत तो कितीतरी पट जास्त सापडतो. पारा त्वचेचा रंग तयार होणं रोखतो, म्हणून पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, आणि तोच पारा अंगात मुरून किडनीवर जातो. 2023 साली केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांना किडनीचे असे रुग्ण सापडले, ज्यांच्यात समान धागा गोरेपणाच्या क्रीमचा होता. काहींत स्टिरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते आणि बंद केलं की चेहरा लालबुंद होतो. इजा करू नका, इजा सोसू नका, ही हदीस इब्न माजाह या ग्रंथात आहे. किडनी खराब करणारी डबी छाप मारल्याने हलाल होत नाही. आपल्या दुकानात असली डबी मी ठेवत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी.

आणि गोरं कशाला व्हायचं? सूरह रूमच्या 22व्या आयतीत अल्लाह तुमच्या भाषा आणि तुमचे रंग वेगवेगळे असणं ही आपली निशाणी म्हणतो. तुझा रंग दादीचा आहे. स्थळ बघायला येणारी माणसं काय म्हणतील, हे खालाच्या सासूने बोलून दाखवलं, ते तुझ्या मनात बसलंय हे मला कळतं. जे घर रंग बघून येईल, त्या घरात तुला द्यायची अब्बांची आणि माझी तयारी नाही. हे त्यांनीही लिहायला सांगितलंय.

शाम्पू, लोशन आजच काढून वापरायला घे. क्रीम लावू नकोस, रूममेटलाही लावू देऊ नकोस. डबीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. उत्पादकाचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक, बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक, यातलं काय छापलंय ते बघते. गेल्या महिन्याभरात पायाला, डोळ्यांखाली सूज आली असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर दोघींनी लगेच डॉक्टरांकडे जाऊन लघवी तपासून घ्या. पैसे अब्बा उद्या पाठवतील.

तुझी,
अम्मी