थांबायची अट

पुणे

प्रिय माधवी,

तुझ्या दोन मेल उत्तराविना पडून आहेत आणि तू त्याबद्दल चकार शब्द न काढता नुसती ती बातमी पाठवलीस, खाली "आता बोल" एवढंच. म्हणून आज बसलेच लिहायला. घरचं आधी उरकते. आईचा गुडघा आता बरा आहे, जिना चढते. माझी पाठ आहे तशीच आहे. झालं.

आता बोलते. २०२५ च्या डिसेंबरात, ८ आणि १० तारखेला, मंगळावरचा नासाचा रोव्हर पर्सिव्हिअरन्स एआयने आखलेल्या वाटेवरून चालला. आधी २१० मीटर, मग २४६. मंगळाभोवती फिरणाऱ्या उपग्रहावरच्या हायराइज कॅमेऱ्याचे फोटो आणि उतारांचा नकाशा एवढ्यावरून मॉडेलने खडकाळ भाग, धोंड्यांची दाटी, वाळूच्या लाटा ओळखल्या आणि टप्प्याटप्प्याने बिंदू मांडले. ती आखणी रोव्हरच्या संगणकीय जुळ्यावर चालवून पाच लाखांवर टेलिमेट्री मूल्यं, म्हणजे रोव्हर स्वतःबद्दल कळवतो ते आकडे, तपासली, मगच आज्ञा मंगळावर गेल्या. एक दिवस वाट यंत्रच आखेल, असं तू सरांच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाली होतीस, तसंच झालं. सरांचा चहा सांडला होता, तेही आठवतंय. पण माधवी, माझं भांडण वाटेशी नव्हतंच गं. वाट कोण आखतं यावर मी कधी अडून बसले नाही. मी अडले होते ते "थांबायचं कधी" हे कोण लिहिणार, यावर. आणि बातमी वाचल्यापासून तेच डोक्यात घोळतंय.

परवा बंड्याने पुन्हा विचारलं, "जॉयस्टिकने चालवतात ना?" त्याला पुन्हा सांगितलं की सिग्नलला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात, जॉयस्टिक हलवेपर्यंत रोव्हर खड्ड्यात जाईल. सकाळी दिवसभराचा सगळा हुकूम एकदम पाठवायचा, दुपारी ऑर्बिटर, म्हणजे मंगळाभोवती फिरणारा उपग्रह, डोक्यावरून गेला की काय झालं ते कळणार. मधला सगळा वेळ रोव्हर एकटा. त्या एकटेपणात त्याच्याजवळ दोनच गोष्टी असतात, वाट आणि अटी. तिरपेपणा इतक्या अंशांवर गेला तर थांब. बोगीचा, म्हणजे दोन चाकं धरणाऱ्या दांड्याचा, कोन इतका झाला तर थांब. मोटरने इतका करंट ओढला तर थांब. इतके वाजले तर थांब. घसरण, म्हणजे चाकं फिरूनही पुढे न सरकणं, इतक्या टक्क्यांवर गेली तर थांब. लोक वाटेचे फोटो छापतात, अटींचा तक्ता कोणी छापत नाही. म्हणून बंड्याला वाटतं की वाट आखली की काम झालं.

या अटींमध्ये माझा जीव अडकतो तो शेवटच्या अटीत. मंगळावरच्या जुन्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरचं २६ एप्रिल २००५ आठव. मेरिडियानीच्या सपाटीवर ९० मीटरची चाल द्यायची होती. तोवर तशा बिनघोर चाली होत आल्या होत्या, म्हणून अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजायचं ठरलं. साधारण ४० मीटरनंतर तो वाळूच्या एका लाटेवर चढला. लाट फूटभराची, तशा कित्येक त्याने ओलांडल्या होत्या. चाकं फिरत राहिली, रोव्हर जागच्या जागी, आणि त्याच्या हिशोबात चाल व्यवस्थित चालू होती. उरलेल्या ५० मीटरच्या फेऱ्या त्याने तिथेच पूर्ण केल्या. करंट मर्यादेत, तिरपेपणा मर्यादेत. एकही अट मोडली नाही, कारण घसरणीची अट त्या चालीत लिहिलेलीच नव्हती. बाहेर काढायला ४ जून उजाडला. त्याआधी नासाच्या पॅसाडेनातल्या केंद्रात तसलीच भुसभुशीत माती कालवून तीत जुळा रोव्हर रुतवून पाहिला. मंगळावर मग चाकांनी १९२ मीटरची फिरकी घेतली तेव्हा रोव्हर जेमतेम मीटरभर सरकला. सहाही चाकं सुटली तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला.

तू तेव्हाही म्हणालीस आणि आजही म्हणशील, "मग पावलोपावली व्हीओ, म्हणजे फोटोंवरून अंतर मोजणं, लावायची, प्रश्न मिटला." मिटला नव्हता. ऑपॉर्च्युनिटीच्या २० मेगाहर्ट्झच्या त्या प्रोसेसरवर फोटोंच्या दोन जोड्या जुळवून आपण खरंच किती सरकलो हे काढायला दोन-तीन मिनिटं जायची, आणि दोन फोटोंत पुरेसा सामाईक भाग राहावा म्हणून पाऊल ७५ सेंटिमीटरच्या आत ठेवायला लागायचं. म्हणजे १० मीटरला अर्धा तास, कधी जास्त. दिवसाची वीज आणि वेळ त्यातच संपणार. म्हणून पुढे तो मधला मार्ग निघाला. काही मीटर फेऱ्यांवर चालायचं, थांबायचं, एकदा व्हीओने खरं अंतर काढायचं, घसरण मर्यादेत असेल तरच पुढचा टप्पा. हिशोब सरळ आहे. पाच मीटरवर एकदा तपासलंस तर वाईटात वाईट पाच मीटरच्या फेऱ्यांइतका खड्डा खणला जाईल, पन्नासवर तपासलंस तर पन्नासइतका. तपासण्यांमधलं अंतर ठरवणं म्हणजे आपल्याला किती खोल रुतलेलं परवडेल हे ठरवणं.

आणि आता आपलं ते कायमचं भांडण. तू म्हणतेस मर्यादा सैल ठेव, कडक ठेवलीस तर चाक एका दगडावरून घसरलं की चाल बंद, आणि शुक्रवारी तीन दिवसांचा आराखडा पाठवला असेल तर पहिल्याच दिवशी थांबलेला रोव्हर सोमवारपर्यंत तसाच उभा. खरं आहे, पूर्ण खरं आहे. पण तू सगळ्या वाटेला एकच आकडा लावतेस. अगं, पक्क्या खडकावर अपेक्षित घसरण अगदी थोडी असते. तिथे समज २५ टक्के आली तर काहीतरी नक्की बिघडलंय, थांबायलाच हवं. वाळूच्या चढावर तीच २५ टक्के म्हणजे चाल उत्तम. म्हणून मर्यादा त्या टप्प्यावरच्या अपेक्षेवरून काढायची. खडकावर आकडा खाली आणि तपासण्या दूरदूर, वाळूत आकडा वर पण तपासणी पावलोपावली. आणि व्हीओ जुळलीच नाही तर? सपाट, बिनखुणांच्या वाळूत फोटोत धरायला काही सापडत नाही. रोव्हरची स्वतःची सावली चौकटीत आली तर तिच्या कडा जमिनीवरच्या खुणा समजल्या जाऊ शकतात, म्हणून कॅमेरा कुठे वळवायचा आणि किती वाजता चालायचं हेही आधीच बघायचं. क्युरिऑसिटी रोव्हरच्या चाकांना मोर्स लिपीतल्या ठिपक्या-रेघांची भोकं ठेवली ती यासाठीच, मागच्या चाकोरीत निदान ठरावीक अंतरावर एक ठसा सापडावा म्हणून. व्हीओ सलग फसली तर तीसुद्धा थांबायची अट हवी. "मोजता आलं नाही" याचा अर्थ "घसरण शून्य" असा कुठल्याही कोडमध्ये लागता कामा नये.

स्पिरिटचं, ऑपॉर्च्युनिटीच्या त्या जोडीदार रोव्हरचं, नाव काढलं की तू गप्प होतेस, तरी काढते. उजवं पुढचं चाक २००६ च्या मार्चपासून बंद, रोव्हर उलटा चालवत ते फरफटत न्यायचं. त्याच फरफटीने २००७ मध्ये पांढरी सिलिकायुक्त माती उघडी पडली, तेवढा एक आनंद. मग २००९ च्या वसंतात ट्रॉय नावाच्या जागेपाशी मातीची वरची पातळ खपली फुटली आणि खाली सल्फेटवाली मऊ वाळू. खपली वरून जमिनीसारखीच दिसते. रोव्हरच्या वाट बघायच्या कॅमेऱ्याला, नॅव्हकॅमला, दिसली नाही, हायराइजला दिसणं शक्यच नव्हतं. २२ मार्च २०१० ला शेवटचा आवाज. घसरणीची अट रुतायला सुरुवात झाल्यावरच कामाला येते, हे मला त्या रोव्हरने शिकवलं.

क्युरिऑसिटीच्या चाकांचं तर त्याहून वेगळं. अॅल्युमिनियमची कातडी पाऊण मिलिमीटरची. २०१३ च्या अखेरीस भोकं वाढताना दिसली. जमिनीत घट्ट रुतलेले, वाऱ्याने धार आलेले दगड हलत नाहीत, आणि मागची चाकं ढकलत असल्यामुळे पुढचं आणि मधलं चाक त्या टोकावर दाबलं जातं. तिरपेपणा, करंट, घसरण, सगळं मर्यादेत असताना पत्रा फाटत होता. तो सापडला तो माणसांनी रोव्हरच्या हाताच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचे फोटो निरखले तेव्हा. मग दगड टाळायला वाळूची वाट धरली, फेब्रुवारी २०१४ मध्ये डिंगो गॅपची मीटरभर उंच लाट ओलांडली, आणि त्याच ऑगस्टमध्ये हिडन व्हॅलीत वाळू जड झाली तेव्हा मुकाट्याने मागे फिरले. मला तो मागे फिरायचा निर्णय सगळ्या विक्रमांपेक्षा मोठा वाटतो. २०१७ मध्ये चाकांचे वेग वेगवेगळे ठेवणारं सॉफ्टवेअर गेलं, पुढच्या चाकांवरचा भार २० टक्के आणि मधल्यांवरचा ११ टक्के उतरला. ती सुधारणासुद्धा आधी भोकं दिसली म्हणूनच झाली.

तर काळजी ही आहे. डिसेंबरच्या चालींत एक बारीक गोष्ट झाली, तू बातमीत ती वाचली असशील तर माझं अर्धं पत्र वाचलंस. जमिनीवरून काढलेले फोटो मॉडेलला दिलेले नव्हते. त्या फोटोंत एका अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या लाटा दिसल्या आणि चालकांनी तो टप्पा मॉडेलपेक्षा बारीक तोडला. हायराइजचा एक पिक्सेल २५ ते ३० सेंटिमीटरचा, पर्सिव्हिअरन्सचं चाक ५२.५ सेंटिमीटरचं. म्हणजे वरून बघताना चाक जेमतेम दोन पिक्सेल. दोन पिक्सेलांत खपलीची जाडी कोणालाच कळणार नाही, मला नाही, तुला नाही, मॉडेललाही नाही. आणि जुळ्यावरची तपासणी? जुळ्यातली वाळू आपण लिहिलेली वाळू आहे. आपल्याला जे माहीत नाही ते तिच्यातही नाही.

मॉडेलने वाट आखली याचं मला खरंच कौतुक आहे. बिंदू मांडण्यात जाणारे तास वाचले तर ते अटींवर घालवता येतील. मला भीती आहे ती उलट व्हायची. वाट पटकन मिळाली की मीटर मोजायची घाई होते, आणि अटींचा तक्ता कालच्या आराखड्यातून तसाच उचलला जातो, खडकाचे आकडे वाळूला. ऑटोनॅव्ह, म्हणजे रोव्हरने स्वतः वाट काढायचं सॉफ्टवेअर, बाकी चोख आहे. पर्सिव्हिअरन्स चालता चालता विचार करतो, तासाला १२० मीटर, क्युरिऑसिटी २० वरच अडायचा. पण ऑटोनॅव्ह दगड बघतो, उतार बघतो. मातीची ताकद त्याला चाकाखाली आल्यावरच कळते.

तू म्हणशील, "चंद्रावरच्या प्रज्ञान रोव्हरच्या वेळीही तू असंच बोलत होतीस." हो, बोलत होते, आणि आठवडाभर आपण एकमेकींना फोन केला नव्हता. २७ ऑगस्ट २०२३ ला तीन मीटर पुढे चार मीटरचा खड्डा दिसला आणि पृथ्वीवरून मागे फिरायचा हुकूम गेला. तुझं म्हणणं, रोव्हरने स्वतः वळायला हवं होतं. अगं, चंद्रावर सिग्नलला सव्वा सेकंद लागतो! तिथे माणसाने ठरवणंच शहाणपणाचं. मंगळावर ती चैन नाही, म्हणून तर अट आधी लिहून ठेवायची.

तुझं काय चाललंय? बेंगळुरूचं घर मिळालं का? नीलची दहावी आहे ना यंदा, त्याला सांग मावशीने आठवण काढलीय. आणि २०२० चे ते लाल-निळे कागदी चष्मे अजून आहेत का तुझ्याकडे? मंगळमोहिमेवरचे लोक मार्चमध्ये घरून काम करायला लागले, थ्रीडी गॉगल्सऐवजी तसलेच चष्मे लावून क्युरिऑसिटीच्या चाली आखायला लागले, तेव्हा तू हट्टाने मागवलेस. असतील तर एक पाठव.

एक काम मात्र कर. टप्प्याच्या जमिनीवरून घसरणीची मर्यादा काढायचा तुझा तो जुना तक्ता शोध. वाळूच्या ओळीत, चढ १५ अंशांच्या वर गेल्यावर तू तपासणीचं अंतर किती धरलं होतंस? मला दोन मीटर आठवतंय आणि मला ते जास्त वाटतंय. गुरुवारी रात्री फोन करते, तेव्हा आकडा तयार ठेव आणि भांडायचीही तयारी ठेव.

तुझी,
अश्विनी