काडतुसांच्या डब्यावरचा लॉट क्रमांकही वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) नेमबाजीचे कांस्य जिंकले. तेव्हापासून 'मुलाला कोणती रायफल घ्यावी?' असे विचारणारे पालक पुष्कळ भेटतात. काडतुसाबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

५० मीटरवर लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पॉइंट टू-टूची (०.२२ इंची) स्पर्धेसाठीची मॅच गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. वेगात १० मीटरचा फरक पडला, तर गोळी जवळपास ७ मिलिमीटर वर-खाली लागते, म्हणजे नेम बिनचूक असूनही गोळी दहाच्या अगदी काठावर जाते. दारू, काठातला स्फोटक मसाला, शिशावरचे वंगण यांत लॉटगणिक, म्हणजे एकत्र बनवलेल्या काडतुसांच्या तुकडीगणिक, किंचित फरक असतो. म्हणून एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगवेगळे जातात. नळी शिकंज्यात घट्ट धरून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचे पुंजके) काढावेत आणि ज्याचा ग्रुप घट्ट, तोच लॉट हंगामभर पुरेल इतका घ्यावा. हाय व्हेलॉसिटी काडतुसे इथे नकोतच. ती ध्वनीचा वेग ओलांडतात आणि लक्ष्याकडे जाताना पुन्हा त्याखाली येताना डगमगतात.

आता झिरोइंग, म्हणजे गोळी नेमाच्या मध्यावर लागेल अशी साईट (नेम धरायची खूण) जुळवणे. साफ केलेल्या नळीच्या पहिल्या काही गोळ्या मोजूच नयेत. मग साईटला हात न लावता पाच गोळ्या मारून ग्रुपचा मध्य काढावा. मध्य १२ मिलिमीटर उजवीकडे असेल आणि साईटच्या नॉबच्या एका क्लिकला (एका खाचेला) गोळी अडीच मिलिमीटर सरकत असेल, तर मागची साईट पाच क्लिक डावीकडे. पुन्हा पाच गोळ्या मारून खात्री करावी. नॉबवरच्या खुणांचा अर्थ सगळीकडे एकच नसतो, त्यामुळे दहा क्लिक फिरवून गोळी कुठे सरकते ते आधी पाहावे. बहुतेक मुले प्रत्येक गोळीमागे नॉब फिरवतात आणि स्वतःचीच चूक साईटमध्ये भरून ठेवतात!

शिवाय गुडघ्यावर बसून जुळवलेला झिरो उभ्याने चालत नाही. उभ्याने पट्टा नसतो, धक्का वेगळा बसतो. रायफल जराशी कलली तरी गोळी बाजूला जाते. तिन्ही पोझिशनचे क्लिक वहीत लिहून ठेवावेत.

ज्या रेंजवर शिकंजा नाही, तिथे तो आधी बसवावा. चाचणी न करता काडतुसांची अख्खी पेटी पालकांच्या गळ्यात मारू नये.

आपला,
एक रायफल प्रशिक्षक, कोल्हापूर